जर्मनचं पातं, अडीच फुटी

माझ्या दुकानात मोडकी वस्तू घेऊन येणारं गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं, "असलंच द्या." कंपनी विचारा, माहीत नाही. मॉडेल विचारा, माहीत नाही. माप विचारलं तर अंगठा आणि बोट हवेत धरून दाखवतात, आणि ती दोन बोटं बोलता बोलता जवळ येतात, लांब जातात. "असलंच म्हणजे, असंच मोडलेलं देऊ का?" असं मी विचारतो. मग गिऱ्हाईक रागावतं आणि शेजारच्या दुकानात जातं. जाऊ दे. नगरला माळीवाड्याच्या बसस्टँडमागे सव्वीस वर्षं मी पंप, फवारे आणि लाकूड कापायच्या मशीनचे सुटे भाग विकतोय. माझं नाव कारभारी. घरात माझं कोणी ऐकत नाही, दुकानात गिऱ्हाईक ऐकत नाही. कारभार काय तो नावात.

शमशेरभाई पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं होतं. माझ्या दुकानाच्या वर लहान मुलांचा दवाखाना आहे. मी वर न बघताच म्हणालो, "जिना बाहेरून आहे. नंबर लावा."

"डाक्टरचं काम न्हाई, शेठ," ते म्हणाले आणि त्यांनी शाल उलगडली.

आत अडीच फूट लांबीची लोखंडी पट्टी होती. लाकूड कापायच्या मशीनला पुढे जी लांब पट्टी असते आणि जिच्या कडेच्या खाचेतून दातेरी चेन पळते, ती; धंद्यात तिला बार म्हणतात. ही मधोमध अशी वाकली होती की टेबलावर ठेवली तर डुलत राहायची. छगन नावाच्या त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर बाभूळ तोडून झाली, मशीन क्षणभर खाली ठेवलं, आणि छगननं लाकडं भरायला ट्रॉली मागे घेतली ती थेट तिच्यावरून.

"बार गेला की तुमचा," मी म्हणालो.

"बार न्हाई म्हनायचं, शेठ. पातं म्हना." त्यांनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. "शमशेर नगरला बार शोधत फिरतोय, असं कुनी राहुरीत जाऊन सांगितलं तर मला मशिदीत तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई."

तेव्हापासून माझ्या दुकानात बारला पातं म्हणतात.

शमशेरभाई चौसष्ट वर्षांचे. उंच, वाळके, दाढीला मेंदी, डोक्याला जाळीची टोपी आणि सदऱ्याच्या खिशात स्टीलची फूटपट्टी. राहुरीपासून मुळा धरणाकडे जाताना लागणाऱ्या एका वस्तीवर त्यांचं घर. वाळलेली, वाऱ्यानं पडलेली, घरावर झुकलेली झाडं उतरवायची हा पिढीजात धंदा. लहानपणी वडील करवतीच्या एका टोकाला आणि हे दुसऱ्या टोकाला. "अब्बा ओढायचे, मी ढकलायचो. मोठा झाल्यावर कळलं, करवत ढकलायची नसती. मंग इतकी वर्षं मी करत काय हुतो?" हे सांगताना ते स्वतःच इतके हसतात की पुढचं ऐकू येत नाही.

एक्क्याण्णव साली एका साखर कारखान्यानं जुन्या सामानाचा लिलाव काढला. त्यात हे मशीन मिळालं. कोणे एके काळी लाल असावं. वजन बारा किलो. कारखान्याच्या स्टोअरकीपरनं "जर्मन आहे" एवढंच सांगितलं, तेव्हापासून त्याचं नाव जर्मन. घरात, वस्तीवर, पंचक्रोशीत. "जर्मन चालू झालं" म्हणजे शमशेरभाई कामाला लागले.

"मॉडेल नंबर बघू," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते पोत्यात घालून मशीनच घेऊन आले. बाजूला नंबरची पितळी पट्टी होती. आरशासारखी लखलखीत. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

"घासून गेलंय हो सगळं."

"हमिदानं घासलं," ते बायकोच्या अभिमानानं म्हणाले. "प्रत्येक ईदला. चिंच आन राख. घरातली सगळी पितळ घासायची, त्यात ही पन. तेहतीस वर्षं."

दुसऱ्या कोणाला मी दुकानाबाहेर काढलं असतं. पण मशीन नाव-गाव विसरलेलं असलं, तरी मालकाला त्याची मापं तोंडपाठ होती. आणि मापं मिलिमीटरमध्ये नाहीत, सुतात. एका इंचाचे आठ सूत, हे सुतार-गवंड्यांचं जुनं माप. फूटपट्टीची मिलिमीटरची बाजू शमशेरभाई बघतच नाहीत. "ती पोरांच्या शाळेची बाजू हाय," म्हणतात.

"पात्याची खाच अर्धा सूत," त्यांनी सांगितलं. मी व्हर्नियर लावला. बरोबर अर्धा सूत. "बुडाला बोल्टाची फट हाय, ती तीन सूत. तिच्या वर तेलाचं भोक, एक सूत. आन चेनच्या कडीचं माप तीन सूत आन एक केस."

"केस?"

"एक केस. दाढीचा न्हाई, डोक्याचा."

तो एक केस आम्हाला महागात पडला. आजची पाती तीन सुताच्या चेनची येतात, नाहीतर त्याहून बारीक. तीन सूत आणि एक केसवाली चेन त्यांच्यावर घातली तर टोकाच्या चाकात अडकते आणि दात खाते. शिवाय बूड जुळायला पाहिजे. फट जुळली तर तेलाचं भोक सरकलेलं, भोक जुळलं तर ताण द्यायच्या खिळ्याचं छिद्र चुकलेलं. मी म्हणालो, "शमशेरभाई, या वयात कशाला जीव काढता? नवं मशीन घ्या. चार किलोचं येतं. नातूसुद्धा उचलेल."

ते स्टुलावर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"नवं घेता येत न्हाई. शबूद दिलाय."

तीन वर्षांपूर्वी ते एका चिंचेवरून पडले होते. मोठं झाड पाडायचं तर आधी वर चढून शेंड्याला दोर बांधावा लागतो, म्हणजे ते घरावर न पडता हव्या त्या अंगाला पडतं. दोर बांधून झाला, पाय निसटला. मांडीचं हाड मोडलं. हमिदाभाभींनी चार महिने खाटेवर त्यांची सगळी उस्तवार केली, तोंडातून चकार शब्द काढला नाही. ज्या दिवशी ते काठी टाकून चालले, त्या दिवशी समोर बसून भाभींनी शब्द घेतला. हे मशीन चालू आहे तोवर तुम्ही चालू. ते बंद पडलं, की तुम्हीही बंद. दुसरं मशीन या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

"मी हसलो," शमशेरभाई म्हणाले. "म्हनलं, जर्मन बंद पडतंय व्हय कधी? लगीच शबूद दिला. तिनंबी लगीच घेतला. ती का हसली न्हाई, ते आता कळतंय."

"मग आता बंदच पडलं ना?"

"बंद कुठं? इंजान चालू हाय की!" ते एकदम वकिलासारखे ताठ झाले. "पातं वाकलं म्हंजी मशीन बंद, असं कुठं ठरलं हुतं?"

आणि ते रोज काय करतात, ते त्यांनी मला सांगितलं. सकाळची नमाज झाली की अंगणात जायचं, बिनपात्याच्या मशीनची दोरी ओढायची. वस्तीला ऐकू जाईल असं दोन मिनिटं घरघरवायचं. हमिदाभाभींनी आतून ऐकलं, की बंद करून पोत्यात भरायचं आणि "कामाला जातो" म्हणून निघायचं. काम कुठलं? राहुरीहून एसटी पकडून माझ्या दुकानात स्टुलावर बसायचं. संध्याकाळी परत जाताना स्टेशन रोडच्या लाकडाच्या वखारीत थांबायचं, मूठभर भुसा मागायचा, आणि तो सदऱ्यावर, दाढीत, टोपीत नीट भुरभुरायचा.

चौसष्ट वर्षांचा माणूस शाळा बुडवल्यासारखा माझ्याकडे येऊन बसायचा. मी चिडायचो आणि चहा पाजायचो.

शोध मात्र मी मनापासून केला, हे मी छाती ठोकून सांगतो. पुणे, कोल्हापूर, बंगळुरू सगळीकडे फोन केले. पात्याच्या बुडाचे फोटो पाठवले. एकानं करवतीचं पातं पाठवलं, एकानं कडबाकुट्टीचं. केरळात रबराच्या मळ्यांवर जुनी मशीन आहेत असं कळलं, तिथे फोन लावला; त्यांचं मला कळलं नाही, माझं त्यांना कळलं नाही, आणि दोन्हीकडून "ओके ओके" म्हणून फोन ठेवला गेला. शमशेरभाई शेजारी बसून लोकांच्या चेनचे दात कानशीनं घासून द्यायचे. फुकट. इतके एकसारखे, की लोक फक्त त्यासाठी यायला लागले. माझ्या दुकानात गिऱ्हाईक पहिल्यांदाच खूश होऊन बाहेर पडत होतं, आणि त्यात माझा काही हात नव्हता.

एक दिवस ते म्हणाले, "आमचा मेव्हना अझीम हाय श्रीरामपूरला. मुंबईच्या भंगार बाजारात त्याचं येनं-जानं हाय. तुमी बोला त्याच्याशी. माझा फोन उचलला की तो पयली बातमी भैनीला देतो."

मी फोन लावला. शमशेरभाई समोर होते, म्हणून त्यांचाच शब्द वापरला. आजही तो आठवला की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

"अझीमभाई, शमशेरभाईंसाठी एक जर्मनचं पातं पाहिजे. अडीच फुटी."

मागून टेम्पोचे हॉर्न, इकडे पंपाची ट्रायल चाललेली. "अडीच फुटी?" अझीम म्हणाला. "लई मोठं सांगताय. कार्यक्रम हाय का काय?"

"काम आहे ना त्यांचं. बूड बघून घ्या. बूड महत्त्वाचं."

"बूड जाड देतो. करपनार न्हाई."

मी शमशेरभाईंना विचारलं. ते म्हणाले, "व्हय, लई गरम होतं, जाडच पायजे." मी तसं सांगितलं.

"झाकन?"

मशीनच्या बाजूला झाकण असतं, ते शाबूत होतं. "झाकण आहे त्यांच्याकडे."

"बरं. मंग नुसतंच पाठवतो," अझीम म्हणाला. इतका स्वच्छ, मुद्देसूद बोलणारा माणूस माझ्या आयुष्यात आला नव्हता. मी खूश झालो.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. दुकानात तोबा गर्दी, शमशेरभाई नेमके नमाजला गेलेले. "माल मिळाला. कुठं उतरवू?" मी म्हणालो, "माझ्याकडे टाचणी ठेवायला जागा नाही. घरीच पाठवा त्यांच्या." हे घरापासून लपवायचं काम आहे, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातून गेलं.

अझीमचा भांड्यांचा धंदा आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, हे मला जन्मापासून माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेल तर तो माणूस कसला. संध्याकाळी शमशेरभाई अंगावर भुसा भुरभुरून घरी पोचले, तर दारात टेम्पो उभा आणि अंगणात अडीच फूट रुंदीचं, जाड बुडाचं, जर्मनचं पातेलं. दोनशे माणसांची बिर्याणी बसेल एवढं. भोवती सगळी वस्ती. एक जण विचारत होता, "लगीन कुनाचं?"

हमिदाभाभींनी विचारलं, "हे कुनी मागवलं?"

"तुझ्यासाठी," शमशेरभाई म्हणाले.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि सांगायला शमशेरभाई आले नाहीत, हमिदाभाभी आल्या. त्यांना मी प्रथमच बघत होतो. बुटक्या, गोल चेहरा, बुरख्याची जाळी वर केलेली, हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी. बरणी काउंटरवर ठेवून त्या म्हणाल्या, "कारभारीभाऊ तुमीच ना? पातेल्याचे?"

मी मान डोलावली.

"मला पयल्या दिवसापासून ठाव हाय. आमच्याकडं बाभळी, लिंब, चिंचा. ह्यांच्या दाढीत सागवानाचा भुसा. राहुरीत सागवान कोन तोडतंय हो? वास येत न्हाई का मला?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "भाऊ, ते पातं सापडलं तरी द्यायचं न्हाई. न्हाई मिळत म्हनून सांगायचं. चार महिने त्या मानसाला मी उचलून बसवलंय, उचलून निजवलंय. परत मला तेवढी ताकद न्हाई."

मी म्हणालो, "बरं भाभी." लोणचं फार सुरेख होतं.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. मी नेहमी ज्याच्याकडून माल घेतो, त्या व्यापाऱ्याच्या जुन्या गोदामात बंद पडलेल्या एका एजन्सीचा माल निघाला होता. त्यात दोन पाती. एक तीस इंची, एक सोळा इंची. दोन्हींचं बूड सारखं. "जुन्या जर्मन मशीनची वाटतात," तो म्हणाला. "बुडाचं नक्की माप पाठवा, फोटोवरून कळत नाही. जुळलं तर लावून देतो. पण परत घेणार नाही."

आता शमशेरभाई समोर स्टुलावर, पोत्यात मशीन, शालीत पातं. मी हात पुढे केला असता तर दोन मिनिटांत माप मिळालं असतं. पण खाली कपाटात लोणच्याची बरणी होती. मी म्हणालो, "राँग नंबर."

पंधरा दिवस मी "शोधतोय" म्हणत राहिलो. मला खोटं बोलायची सवय नाही असं नाही, धंदाच करतो. पण त्या माणसाशी बोलताना मी काउंटरवरचे नट-बोल्ट उगीच मोजत बसायचो. ते विचारेनासे झाले. कानस चालायची, हसणं बंद झालं. वडिलांच्या करवतीची गोष्ट त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगायला घेतली आणि मध्येच "जाऊ द्या" म्हणून सोडून दिली. मग एक दिवस ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. आठवडा गेला. स्टूल रिकामं बघून मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी गिऱ्हाइकांवर जास्त खेकसतो, त्यामुळे त्या आठवड्यात धंदाही बसला.

आठव्या दिवशी हमिदाभाभी आल्या. या वेळी लोणचं नव्हतं. टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं होतं, आणि त्यांनी ते शमशेरभाई शाल उलगडतात तसंच हळू उलगडलं.

आत एक पोळी होती. बोटभर जाड, सुकून दगडासारखी झालेली. आणि तिच्या मधोमध एका पट्टीच्या बुडाचा ठसा. लांब फट, वर बारकं भोक, बाजूला छिद्र. कडा इतक्या साफ, की मी तसं चित्र कंपास घेऊनही काढलं नसतं.

"हे माप," त्या म्हणाल्या. "ते पातं उशाखाली घेऊन झोपतात. हात लावू देत न्हाईत. तीन दिवसांमागं न्हानीत गेले, मी कनीक मळत हुते. हातात कनीक हुती, तीच दाबली. दोन दिवस सावलीत सुकवली. उन्हात तडकली असती."

"भाभी, तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हनले हुते." त्या स्टुलावर बसल्या, शमशेरभाईंच्याच स्टुलावर. "आठ दिवस झाले, सकाळी मशीन वाजवत न्हाईत. तेहतीस वर्षं मी त्या आवाजानं उठते. आता जागच येत न्हाई. दिवसभर घरात. भाकरीला फूटपट्टी लावतात. म्हनतात, आजची अर्ध्या सुतानं जाड झाली. पयल्यांदा मला राग आला, भाऊ. मंग बघितलं तर ते भाकरी खातच न्हाईत. नुस्ती मोजतात." त्यांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली. "पडून मेले तर मी काय करीन, ह्याची भीती हुती मला. हे तर बसून चाललेत."

मी पुण्याच्या दोन पात्यांची गोष्ट त्यांना सांगून टाकली.

"किती लांब?"

"एक तीस इंची, एक सोळा."

त्यांनी काउंटरवर विती टाकून बघितल्या. मग म्हणाल्या, "मोठं झाड म्हंजी दोर. दोर म्हंजी चढनं. सोळा इंचात मोठं झाड बसत न्हाई, आन जे बसतंय त्याच्यावर ह्यांचं वजन पेलत न्हाई. सोळा द्या. त्याच्यावर एक सूत न्हाई." दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या. "आन माप घेताना सगळीकडं पाव सूत वाढवा. पीठ आटतं."

मी व्हर्नियर काढला आणि पोळी मोजली. छातीठोक सांगतो, माझ्या दुकानात आलेलं ते सगळ्यात चोख माप होतं. तिचा फोटो काढून, मापं लिहून पुण्याला पाठवला. व्यापाऱ्याचा लगेच फोन. "हा साचा कशाचा केलाय?"

"गव्हाचा," मी म्हणालो.

"काय?"

"लोकवन. तुम्ही जुळतं का ते बघा."

जुळलं. पाव सूत वाढवल्यावर केसाचाही फरक नाही. पातं आणि त्याच्या मापाची चेन पाचव्या दिवशी दुकानात आली, आणि मी शमशेरभाईंना निरोप धाडला.

ते आले. दाढीची मेंदी उतरून मुळाशी पांढरं दिसत होतं. एका हातात पोतं, दुसऱ्या हातावर शाल. मी काही न बोलता नवं पातं पुढे ठेवलं. त्यांनी शाल उलगडून जुन्या पात्याच्या बुडावर नव्याचं बूड ठेवलं आणि दोन्ही उजेडाला धरली. फटीतून फट दिसली, भोकातून भोक. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी उगीच हिशेबाची वही उघडली आणि बंद केली.

मग त्यांची नजर पुढच्या टोकाकडे गेली. "हे तर निम्मंच हाय, शेठ."

"एवढंच मिळालं," मी म्हणालो, आणि म्हणताना माझी नजर फळीवर गेली. तिथे मी ती पोळी उभी करून ठेवली होती. सकाळी लपवायची ठरवलं होतं, राहून गेलं. शमशेरभाईंनी माझ्या नजरेमागे बघितलं. उठले, पोळी खाली घेतली. ठशाकडे त्यांनी बघितलंच नाही. कडेवरून अंगठा फिरवला. तिथे दाबलेल्या बोटांच्या खुणा होत्या. तीन खोल आणि चौथी उथळ.

"हिची करंगळी वाकत न्हाई," ते म्हणाले. "लग्नाच्या आदीपासून. हिच्या प्रत्येक भाकरीला असंच असतं." मग वर बघितलं. "सोळा इंच तिनं सांगितलं?"

"हो."

"आन पाव सूत वाढवायला सांगितलं असंल. पीठ आटतं."

"हो."

मला राहवलं नाही. आयुष्यात एकदा तरी सरळ बोलावं. "शमशेरभाई, तीस इंचीही आहे पुण्याला. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही म्हणा, आत्ता फोन करतो."

त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली आणि पोळीला न लावताच परत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "जनमभर मापात तोडत आलो. आता तिनं माप दिलंय, तर मापात ऱ्हातो."

त्यांनी पोत्यातून मशीन काढलं, पातं चढवलं, चेन घातली, ताण बघितला. मग माझा फोन मागितला. घरचा नंबर लावून फोन काउंटरवर उताणा ठेवला आणि दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला जर्मन चालू झालं. दुकानात धूर, आवाज. वरच्या दवाखान्यातली सगळी पोरं एका सुरात रडायला लागली. मी ओरडलो असेन, पण मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी मशीन बंद केलं आणि फोन उचलला.

"चालू हाय," एवढंच ते म्हणाले.

पलीकडून हमिदाभाभींचा आवाज मलाही ऐकू आला. "ऐकलं. सोळाच हाय ना?"

"सोळाच हाय."

"मंग या घरी. वखारीत थांबू नका."

जाताना त्यांनी शाल काउंटरवर पसरली. मला वाटलं, जुनं पातं गुंडाळणार. त्यांनी पोळी ठेवली, चारी बाजूंनी शाल दुमडली आणि ती दोन्ही हातांवर आडवी घेतली. मशीनचं पोतं खांद्याला. दाराशी पोचल्यावर मी मागून हाक मारली, "अहो, पातं राहिलं!"

"असू द्या तुमच्याकडं," ते वळून न बघता म्हणाले. "आता त्याचं काय काम न्हाई."